मावशीचा डावा हात

आमच्या घरात माझ्या धाकट्या मावशीबद्दल एक वाक्य फार अभिमानाने म्हटलं जातं. "आम्ही तिला कधी अडवलं नाही." हे अगदी खरं आहे. एखाद्याला अडवायचं तर आधी त्याच्याकडे लक्ष द्यावं लागतं, आणि तेवढा वेळ आमच्याकडे कुणालाच नव्हता.

पियानो आमच्या घरी कुणी हौसेने आणलेला नाही. आजोबांनी तिसऱ्या मजल्यावरचं घर विकत घेतलं तेव्हा आधीच्या मालकांनी सगळं सामान उचलून नेलं, भिंतीतले खिळेसुद्धा सोडले नाहीत. राहिला तो पियानो. तो वर चढवल्यानंतर कधीतरी इमारतीत लिफ्ट बसवली होती आणि त्या लिफ्टने अर्धा जिना खाल्ला होता. लिफ्टमध्ये पियानो मावेना, जिन्यात वळेना. आजोबांचं चष्म्याचं दुकान होतं; माणसाला जे दिसत नाही ते दिसायला लावणं हा त्यांचा धंदा. घरी मात्र त्यांनी उलट मार्ग काढला. म्हणाले, "भिंत आहे असं समजायचं."

भिंतीचा उपयोग लगेच सुरू झाला. आजी पियानोच्या झाकणावर जाड चादर घालून इस्त्री करायची. माझी आई, म्हणजे थोरली बहीण, त्यावर वह्यापुस्तकं रचायची. घरातल्या बाकीच्या जागा आधीच वाटल्या गेल्या होत्या. खिडकीजवळची खुर्ची आईची, टेबल आजोबांचं, स्वयंपाकघर आजीचं. मावशी सगळ्यांत शेवटी आलेली, तेव्हा तिच्या वाट्याला जे कुणालाच नको होतं ते आलं. आजी वर इस्त्री करत असताना ती खाली बसून पट्ट्या दाबायची. आजी म्हणायची, "अगं हळू वाजव, कपड्यांना सुरकुत्या पडतायत!" संगीताच्या परिणामाबद्दल आमच्या घरात झालेली ही पहिली आणि जवळजवळ शेवटची चर्चा.

एका संध्याकाळी खालच्या मजल्यावरच्या बाई तक्रार घेऊन वर आल्या. त्या एकेकाळी मोठमोठ्या सभागृहांत पियानो वाजवायच्या, हे इमारतीत कुणालाच माहीत नव्हतं. सगळ्यांना एवढंच माहीत होतं की त्या कुणाशी बोलत नाहीत आणि कचऱ्याचा डबा वेळेवर बाहेर ठेवतात.

"तुमच्याकडे रोज चुकीचं कोण वाजवतं?" त्यांनी दारातच विचारलं.

आजोबांनी क्षणाचाही विलंब न लावता पोटच्या पोरीकडे बोट दाखवलं.

बाईंनी मावशीला वरपासून खालपर्यंत बघितलं. "रोज तीच चूक करतेस, की रोज वेगळी?"

"वेगळी," मावशी म्हणाली.

"मग उद्यापासून खाली ये."

घरच्यांना वाटलं, तक्रार मिटली. मावशी खाली जाऊन शिकू लागली आणि वर शांतता झाली, यापेक्षा कलेकडून आणखी काय हवं? त्या बाईंना आम्ही सगळे 'खालच्या बाई' म्हणायचो. त्या शिकवताना डोळे मिटून बसायच्या आणि चूक झाली की फक्त एक डोळा उघडायच्या. त्यांच्याकडे कौतुकाचा एकच शब्द होता, "पुढे." मावशी सांगते, एकदा त्या "हं, पुढे," म्हणाल्या होत्या. त्या 'हं'वर तिने पुढची कित्येक वर्षं काढली.

मग शिष्यवृत्ती मिळाली, परदेशातल्या मोठ्या संगीतशाळेत शिक्षण झालं, आणि तिथल्या एका नावाजलेल्या स्पर्धेत मावशी दुसरी आली. ही बातमी घरी पोचली तेव्हा आजोबांनी विचारलं, "पहिलं कोण आलं?" आजीने विचारलं तेच. माझ्या आईने विचारलं तेच. त्या पहिल्या आलेल्या मुलाचं नाव आमच्या घरात इतक्यांदा घेतलं गेलं की परका माणूस म्हणाला असता, हा यांचाच मुलगा असणार.

परत आल्यावर मावशीचा पहिला मोठा कार्यक्रम शहराच्या जुन्या सभागृहात ठरला. पत्रिका छापल्या, त्यात शेवटी तीन भागांचा एक लांबलचक सोनाटा होता. कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी तिथल्या पियानोची एक जाड तार तुटली. नवी तार बसली पण ती सुरात टिकेना, आणि सोनाट्याचा सगळा भार नेमका तिथेच. मावशीने सोनाटा रद्द करून त्याऐवजी तीन छोट्या रचना घेतल्या, आणि मंचावरून तसं स्वच्छ शब्दांत सांगितलंसुद्धा.

दुसऱ्या दिवशी शहरातल्या सगळ्यांत मोठ्या वर्तमानपत्रात संगीत समीक्षकाचं परीक्षण आलं. 'सोनाट्याच्या संथ भागात या तरुण कलावतीने दाखवलेला हळवेपणा केवळ अविस्मरणीय. शेवटच्या भागातला वेग मात्र थोडा आटोक्यात हवा होता.'

जो वाजवलाच नाही त्याचा वेग आटोक्यात कसा ठेवायचा, हे विचारायला मावशी थेट वर्तमानपत्राच्या कचेरीत गेली. समीक्षक दुसऱ्या मजल्यावर, शिडशिडीत, लांब नाकाचे, कागदांच्या ढिगामागे बसलेले. तिला बघून ते उभे राहिले आणि त्यांची खुर्ची मागे पडली.

"तुम्ही आला होतात का कार्यक्रमाला?" मावशीने विचारलं.

"आलो होतो."

"मग?"

"झोपलो."

मावशी भांडायला आली होती, पण एवढा सरळ जबाब मिळेल याची तिने तयारी केली नव्हती. "माझ्या वाजवण्याने?"

"नाही हो. खुर्चीने. त्या सभागृहातल्या खुर्च्या फार मऊ आहेत. तुमच्या वाजवण्याने तर उलट दोनदा जाग आली."

"मग तसं छापा."

आणि गृहस्थांनी खरोखर छापलं! पुढच्या अंकात चौकट आली: 'या स्तंभात ज्या सोनाट्याचं कौतुक झालं तो वाजवला गेला नव्हता, आणि जे वाजवलं गेलं ते प्रस्तुत लेखकाने ऐकलं नव्हतं. लेखक दिलगीर आहे.' अख्ख्या शहराने ती चौकट वाचली. मावशीचं नाव परीक्षणाने झालं नसतं तेवढं त्या दिलगिरीने झालं. वर्ष सरायच्या आत दोघांनी लग्न केलं.

माझी आई तेव्हा म्हणाली होती, "चांगलं लिहून आणायला थेट नवराच करायची काय गरज होती?"

आईचा अंदाज नेहमीप्रमाणे साफ चुकला. संपादक तत्त्वाचे होते. त्यांनी समीक्षकांना, म्हणजे आता आमच्या काकांना, बोलावून सांगितलं, आजपासून तुम्ही बायकोबद्दल एक अक्षरही लिहायचं नाही. पियानोतलं कळणारा दुसरा माणूस कचेरीत नव्हता. झोपून का होईना, पण सभागृहात जाणारा तेवढा एकच. तेव्हा मावशीच्या कार्यक्रमांना क्रीडा वार्ताहराला पाठवायचं ठरलं, कारण त्याच्या संध्याकाळी सामने नसले की मोकळ्या असायच्या.

त्याने मनापासून काम केलं, हे मान्य करायला हवं. 'मध्यंतरापर्यंत सावध पवित्रा घेणाऱ्या पियानोवादिकेने नंतर जोरदार आक्रमण केलं. वाद्यवृंदाने बरोबरी साधायचा कसून प्रयत्न केला, परंतु अखेरच्या मिनिटात पियानोने बाजी मारली. वाद्यवृंदाचा बचाव ढिसाळ वाटला.' अशी परीक्षणं वर्षानुवर्षं येत राहिली. काका ती नाश्त्याच्या वेळी मोठ्याने वाचायचे आणि मावशी टोस्टला लोणी लावता लावता हसून हसून लाल व्हायची. वाद्यवृंदाचे संचालक मात्र त्या 'ढिसाळ बचावा'वरून खरोखर दुखावले आणि पुढचा हंगामभर त्यांनी मावशीला बोलावलं नाही.

तरी तिची वर्षं चांगली चालली होती. मोठ्या शहरांत दरसाल एकदोन कार्यक्रम व्हायचे, बाकी लहान गावांतून. लहान गावाचा आयोजक फोनवर सांगायचा, "पियानो आहे, एकदम झकास आहे." तिथे पोचल्यावर कळायचं की झकास म्हणजे त्याला नवं पॉलिश मारलंय. एका ठिकाणी पियानोच्या आत सभागृहाचे जादा दिवे ठेवलेले होते. एका ठिकाणी पियानो उत्तम होता पण किल्ली रखवालदाराकडे होती आणि रखवालदार सासुरवाडीला. तिथे मावशीने श्रोत्यांना तासभर नुसतं संगीताविषयी सांगितलं, आणि आयोजकाने निघताना तिला म्हटलं, "खरं सांगू का, हे जास्त आवडलं लोकांना."

मावशी-काकांना मूल झालं नाही. नातेवाइकांनी त्यावर लगेच तोडगा काढला. "पियानो हेच तिचं मूल," असं ते एकमेकांना सांगायचे. पण मुलाची चौकशी करतात तशी त्या पियानोची चौकशी त्यांनी कधी केल्याचं मला आठवत नाही.

चाळिशी उलटल्यावर मावशीच्या उजव्या हाताची शेवटची दोन बोटं आत वळू लागली. तीही फक्त वाजवताना. गुंडी लावताना, भाजी चिरताना, सही करताना बोटं अगदी शहाण्यासारखी वागायची. पट्टीवर ठेवली की तळव्यात शिरून बसायची, चिमट्यात पकडल्यासारखी. हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, हाडं छान आहेत. दुसऱ्यांनी सांगितलं, विश्रांती घ्या. तिसऱ्यांनी विचारलं, घरी काही ताण आहे का? मावशी म्हणाली, "नव्हता. आता आहे." शेवटी मज्जातंतूंच्या एका डॉक्टरीणबाईंनी नीट सांगितलं. इतकी वर्षं तीच हालचाल करून करून मेंदूतली त्या दोन बोटांमधली हद्द पुसली गेली होती. मेंदू एकाला हलवायला जायचा आणि दोघंही हलायची. यावर खात्रीचा उपाय नव्हता.

तिने काही महिने कुणालाच कळू दिलं नाही. बोटं बदलून, सोप्या जागा शोधून, तीन बोटांत पाच बोटांचं काम भागवून ती कार्यक्रम करत राहिली. मग एका कार्यक्रमात, जलद उतरत्या ओळीत, हात सरळ मिटलाच. तिने चारदोन सूर सोडले, पायाखालचं पेडल दाबून आधीच्या सुरांनी ते झाकून घेतलं, आणि रचना पुरी केली. लोकांनी नेहमीसारख्या टाळ्या वाजवल्या. क्रीडा वार्ताहराने 'चुरशीचा शेवट' असं लिहिलं. टॅक्सीत बसल्यावर मावशीने काकांना विचारलं, "ऐकलंस?"

"ऐकलं."

"लिहू नकोस."

"मला परवानगीच नाहीये," काका म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. मावशी मला म्हणाली, घर येईपर्यंत त्यांनी तिचा उजवा हात धरून ठेवला होता आणि हात अगदी नीट उघडा होता, नालायक.

तिने कार्यक्रम बंद केले. आमच्या घरात याचं स्वागत झालं. "बरं झालं, किती दगदग ती," असं आजी म्हणाली. शहरातल्या संगीत महाविद्यालयाच्या प्राचार्यांनी तिला शिक्षिका म्हणून घेतलं आणि पत्रकात छापलं की 'नवी पिढी घडवण्यासाठी त्यांनी मंचाचा मोह सोडला'. मावशीने ते वाचून विचारलं, "मोह सोडला का मोहाने मला सोडलं?" प्राचार्य म्हणाले, "बाई, पत्रकात जागा कमी असते."

नवी पिढी घडवायला तिला जी खोली मिळाली तिच्या एका बाजूला ढोलताशांचं गोदाम होतं आणि दुसऱ्या बाजूला स्वच्छतागृह. पाइपातून पाणी वाहायचं ते नेमकं हळुवार जागी. तिथे तिने पुढची बरीच वर्षं काढली, आणि कामात कधी चालढकल केली नाही. दाखवून द्यायची तिची एक पद्धत पडून गेली. डाव्या हाताचा भाग ती वाजवायची आणि उजव्याचा गाऊन दाखवायची. तिचा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आहे. मुलं म्हणायची, बाई गायला लागल्या की आपोआप रियाज करावासा वाटतो, म्हणजे त्यांना पुन्हा गावं लागणार नाही.

मी स्वतः तिच्याकडे शिकले. नात्यामुळे मला सवलत मिळेल असं आईला वाटत होतं. थोड्याच महिन्यांत मावशीने मला समोर बसवून सांगितलं, "हे बघ, तू ऐकायला फार चांगली आहेस. वाजवणारे ढिगाने मिळतात, ऐकणाऱ्यांचीच टंचाई आहे. तू त्यात जा." मी त्यात गेले. अजून तिथेच आहे.

पालकांशी ती याहून सौम्य वागायची असं नाही. एक गृहस्थ मुलीला घेऊन आले, वर्षभर फी भरली, आणि मग विचारलं, "हिच्यात गुण आहेत का हो?"

"पुष्कळ आहेत," मावशी म्हणाली. "एकही पियानोत नाही."

त्या मुलीने पुढे पोहण्यात नाव काढलं आणि दर वर्षी मावशीला शुभेच्छापत्र पाठवलं. उलट जिच्यात खरोखर गुण होते, त्या एका मुलीला मावशीने दहा वर्षं शिकवलं, स्वतःच्या हातांनी जगाच्या दारात नेऊन उभं केलं, आणि ती मोठी झाली. म्हणजे खरोखरची मोठी, जिच्या ध्वनिमुद्रिका निघतात तशी. तिची मुलाखत आम्ही सगळ्यांनी मिळून टीव्हीवर बघितली. तिने परदेशातल्या गुरूंबद्दल भरभरून सांगितलं. मुलाखतकाराने विचारलं, सुरुवात कुठे झाली? ती गोड हसून म्हणाली, "लहानपणी एका स्थानिक बाईंकडे जायचे."

आई रागाने टीव्ही बंद करायला उठली. मावशी म्हणाली, "थांब गं, वाजवू दे तिला. तो मधला भाग मी बसवलाय, पाहू या टिकलाय का." टिकला होता. त्यानंतर कित्येक दिवस ती फोन उचलून म्हणायची, "हं, स्थानिक बाई बोलतेय."

काका दरम्यान वर्तमानपत्रातून निवृत्त झाले होते आणि एका संगीत मासिकात लिहीत होते. त्यांच्या लेखांना हळूहळू एक धार चढू लागली. आजकालच्या पिढीचा उजवा हात कमकुवत झाला आहे, हा त्यांचा नवा सिद्धांत. आधी एका वादकाबद्दल लिहिलं, मग दुसऱ्याबद्दल, मग परदेशातून आलेल्या एका दिग्गजाबद्दलही. 'वरचे सूर जणू उमटतच नाहीत!' त्यावर वाचकांची पत्रं आली. काही वाचकांना तर हा अचूक निष्कर्ष वाटला. त्यांनाही पूर्वीपासून तसंच वाटत होतं म्हणे.

मावशीला संशय आला तो दाराच्या घंटीमुळे. काका दाराशेजारी बसून वाचत होते, मी बाहेर घंटी वाजवत होते, आणि उघडायला आली ती आतल्या खोलीतून मावशी. तिने मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं, पियानोपाशी गेली आणि उजवीकडची अगदी शेवटची पट्टी दाबली. काका वाचत राहिले. तिने पुन्हा दाबली, जोरात. काकांनी पान उलटलं. मग तिने डावीकडचा एक खोल सूर दाबला. काका मान वर न करता म्हणाले, "सुरात नाहीये तो. ट्यूनरला बोलाव."

कानाच्या डॉक्टरांनी सांगितलं, वयाने होतं असं. वरचे आवाज आधी जातात. घंटी, चिमण्या, लहान मुलांचं बोलणं. त्यात माझ्या आईचा आवाजही गेला होता, पण ते काकांनी तक्रारीत घातलं नव्हतं. श्रवणयंत्र घेतलं, त्यात पियानो पत्र्याच्या डब्यासारखा ऐकू येतो म्हणून ते खणात ठेवून दिलं. मासिकाच्या संपादकांना त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं की सगळ्यांचे उजवे हात ठीक आहेत, माझे कान गेलेत. दिलगिरी छापण्यात त्यांचा हातखंडा होताच.

त्यानंतर एका रविवारी मी तिथे होते. मावशी जेवणाची ताटं पुसत होती. काका उगाच तिच्या मागे मागे करत होते. मावशीने विचारलं, "तुला आता माझं काय ऐकू येतं?"

"डावा हात," काका म्हणाले. "तू घरी शिकवतेस तेव्हा तो येतो. वर तू काहीतरी गातेस म्हणे. ते येत नाही, देवाची कृपा."

"आणि?"

"आणि काय... तुझा डावा हात इतका चांगला आहे हे मला माहीतच नव्हतं. उजवा त्याला कधी बोलूच द्यायचा नाही. सतत पुढे पुढे करायचा."

मी हसले. मावशी हसली नाही. तिने ताट खाली ठेवलं. "इतकी वर्षं ऐकलंस, तुला आत्ता कळलं? ऐकू येईनासं झाल्यावर?"

"मी समीक्षक होतो," काका म्हणाले. "आमच्याकडे उशीर होतो."

ती चिडली. चांगलीच चिडली, काही दिवस त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होती. तेव्हा मला वाटलं, काकांनी हात कमकुवत म्हटलं असतं तरी ती इतकी चिडली नसती. नंतर कळलं की तिचा राग जुना होता, आणि डाव्या हातावरूनच होता. फक्त डाव्या हाताने वाजवायच्या रचना असतात, हे तिला विद्यार्थीदशेपासून माहीत होतं. लढाईत हात गमावलेल्या, नाहीतर तिच्यासारखेच हात बिघडलेल्या वादकांसाठी लिहिलेल्या, आणि काही तर मोठ्या मोठ्या लोकांनी लिहिलेल्या. कार्यक्रम बंद केले त्या वर्षी प्राचार्यांनी तिला हे सुचवलं होतं. त्यांना ती म्हणाली होती, "मी सर्कशीत कामाला नाही."

आता मात्र ती दुपारचे वर्ग संपले की खोलीचं दार लावून घेऊ लागली. स्वच्छतागृहात जाणारी मुलं दाराशी थांबू लागली. आत कुणीतरी वाजवतंय, दोन हातांनी वाजवल्यासारखं, पण बाई तर कधीच पूर्ण वाजवत नाहीत. एक मुलगी धीर करून किल्लीच्या भोकातून बघून आली आणि म्हणाली, "एकच हात आहे गं. धावतोय नुसता!" खालच्या सुरांवर अंगठ्याने गाणं, बाकी बोटांनी साथ, मग एकदम उडी मारून वर, पुन्हा खाली. पेडल सुरांना धरून ठेवतं तेवढ्या वेळात हात दुसरीकडे पोचायला हवा. वर्षानुवर्षं डाव्यानेच दाखवून दाखवून तो हात केवढा तयार झाला होता, हे मावशीला तेव्हाच समजलं. मला म्हणाली, "इतकी वर्षं बिचारा साथीदार होता. कधी तक्रार नाही."

प्राचार्यांच्या कानावर गेलं आणि ते उत्साहाने आले. महाविद्यालयाच्या सभागृहात कार्यक्रम करू या! मथळाही त्यांनी तयार करून आणला होता: 'एका हाताची झुंज'. खाली मुठीचं चित्र.

"जाहिरातीत हाताचा उल्लेख आला," मावशी म्हणाली, "तर मी दोन्ही हात घरी ठेवून येईन."

जाहिरातीत तिचं नाव आणि वेळ एवढंच छापलं. प्राचार्यांच्या मते त्यात काही दम नव्हता.

सभागृह भरलं. जुने विद्यार्थी आले, त्यांची मुलं आली, ती पोहणारी मुलगीसुद्धा आली. मी आणि काका पियानोच्या खालच्या सुरांच्या बाजूला, पहिल्या रांगेत. माझी आई माझ्या पलीकडे. मावशी आली, बसली, उजवा हात मांडीवर ठेवला. थोड्या वेळाने त्या हाताने स्टुलाची कड धरली, कारण डावा हात पार उजव्या टोकाला गेला की अंग तोल सोडतं. बाकी त्या हाताला काम नव्हतं. मागच्या रांगांतल्या कित्येकांना हात दिसतच नव्हते आणि मध्यंतरात त्यांनी आम्हाला विचारलं, "बाईंचा हात पूर्ण बरा झाला वाटतं?" आई म्हणाली, "हो ना!" तिचंही बहुधा लक्ष नव्हतं.

काका मात्र जागे होते. मी त्यांना इतकं जागं कधी पाहिलं नव्हतं. कोपरं गुडघ्यांवर, मान पुढे, डोळे तिच्या मनगटावर. शेवटची रचना संथ होती. ती खोलवरून सुरू होऊन हळूहळू वर चढते, आणि अगदी वरच्या टोकाला, ऐकू येईल न येईल अशा तीनचार सुरांवर विरते. मावशीचा हात वर वर गेला. सभागृह स्तब्ध. आणि त्या स्तब्धतेत काका उठून उभे राहिले आणि जोरजोराने टाळ्या वाजवू लागले.

रचना संपायची होती. त्यांच्या लेखी ती संपली होती; वर त्यांच्यासाठी काही शिल्लकच नव्हतं. जन्मभर या माणसाने मध्येच टाळ्या वाजवणाऱ्यांवर लेख लिहिले. मी त्यांची बाही ओढली, त्यांना वाटलं मीही उठतेय. मागच्या लोकांना वाटलं, समीक्षक उठले म्हणजे संपलं असणार, आणि सगळं सभागृह उठलं.

मावशी हात पट्ट्यांवर धरून बसून राहिली. टाळ्या थांबल्या, लोक गोंधळून खाली बसले, मी काकांना खाली ओढलं. मग तिने ते शेवटचे सूर वाजवले. टाळ्या पुन्हा झाल्या, पण थोड्या ओशाळलेल्या.

टॅक्सीत ती पुढे बसली आणि मागे न बघता मोठ्याने म्हणाली, "शेवट बिघडवलास माझा."

"शेवट होता कुठे?"

"वर!"

"वर मी नसतो हल्ली," काका म्हणाले.

आईने तेवढ्यात विषय बदलायच्या सद्हेतूने विचारलं, "काय गं, उजवा हात नुसता बसवून का ठेवला होतास? थोडं तरी वाजवायचं त्याने." मावशी म्हणाली, "ताई, पुढच्या वेळी सांगते त्याला."

पुढची वेळ आली, आणि तिच्या पुढचीही. लहान गावांतून बोलावणी येऊ लागली, मग मोठ्या शहरांतून. साठी ओलांडल्यावर तिचे जेवढे कार्यक्रम झाले तेवढे तरुणपणी दोन हातांनी झाले नव्हते. प्रवासाला मी सोबत असते, आणि काका असतातच. आयोजक अजूनही पॉलिश मारतात. उजवा हात बॅग उचलतो, सह्या करतो, चहाचा कप धरतो, आणि वाजवायची वेळ आली की आराम करतो. त्याची प्रकृती उत्तम आहे.

फक्त तिची कार्यक्रमपत्रिका बदलली. ती वर विरणारी रचना आता मध्यंतराच्या आधी कुठेतरी येते. शेवटी नेहमी अशीच रचना असते जी खाली संपते, अगदी डावीकडच्या जाड तारांवर, फरशीतून पायांत येईल अशी. एका तरुण समीक्षिकेने यावर सविस्तर लेख लिहिला. या ज्येष्ठ कलावतीला जीवनाच्या अंताची जाणीव खुणावू लागली आहे, म्हणून तिच्या मैफली अंधाराकडे उतरतात, असं त्यात होतं. मी तो लेख मावशीला वाचून दाखवला आणि विचारलं, "खरं आहे का गं?"

मावशी तेव्हा एका मुलाची बोटं पट्ट्यांवर नीट ठेवत होती. "अंधार कसला," ती म्हणाली. "खाली संपलं की टाळ्या वेळेवर पडतात." मग मुलाच्या मनगटावर टिचकी मारली. "तू काय ऐकतोयस? पुढे."